जान्हवीच्या हाताचा गुण

वाकोल्याच्या त्या गल्लीत जान्हवीला आधी कोणी फारसं ओळखत नव्हतं. सर्वेश परबची बायको, एवढीच तिची ओळख. लग्नाआधी ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. तिथला शेठ तिला रोज ऐकवायचा, की तुझ्यापेक्षा नवीन आलेल्या पोरींचे हात भरभर चालतात. शिवणाचा क्लास लावला तो अर्ध्यावर सुटला. सासूला तिची आमटी पातळ लागायची, नणंदेला तिच्या पोळ्या जाड लागायच्या. पस्तिशी उलटली, तरी ‘हे जान्हवीसारखं कोणाला जमत नाही’ असं एका साध्या गोष्टीबद्दलही तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिनेही ते मनाशी मान्य करून टाकलं होतं. काही माणसं अशीच असतात, आपण त्यातल्या, एवढंच.

सर्वेश मढला शूटिंगच्या बंगल्यांवर व्हॅनिटी व्हॅन चालवायचा. मालकाने जुनी गाडी काढायची ठरवली तेव्हा याने ती उचलली. साकीनाक्याच्या ओळखीच्या कारखान्यात आतून सगळी बदलून घेतली. नटनट्यांचे आरसे गेले, तिथे दोन पलंग आले, छोटी शेगडी आली, मागे संडास होताच. कॅरॅव्हॅन तयार. पण तशा गाड्या भाड्याने देणारे आणखीही होते. सर्वेशच्या डोक्यात वेगळं होतं.

“ज्यांच्याकडे कुत्री आहेत ना, ते लोक फसलेले असतात बघ,” तो जान्हवीला म्हणाला. “हॉटेलवाले घेत नाहीत, ट्रेनला वांधे. त्यातून कुत्रं भित्रं असलं तर वाटच लागली. आपण त्यांनाच न्यायचं.”

पहिल्या सहलीला जान्हवी स्वयंपाकापुरती गेली. अंधेरीचं कुटुंब होतं आणि त्यांचा ब्रूनो, मोठ्या जबड्याचा, पण गाडी सुरू झाली की लहान मुलासारखा किंचाळणारा. कळंबोलीपर्यंत त्याने सगळ्यांचे कान किटवले. सर्वेशने चहाला गाडी थांबवली, मागे येऊन ब्रूनोला एक पेढा भरवला, ‘प्रसाद आहे, खाऊ दे’ म्हणाला आणि परत स्टिअरिंगवर जाऊन बसला. जान्हवी खाली लादीवर बसून कांदा चिरत होती. थोड्या वेळाने ते एवढं मोठं धूड तिच्याजवळ आलं आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून पसरलं. तिने घाबरतच त्याच्या कानामागे खाजवलं. आई गुणगुणायची तसं काहीतरी गुणगुणली. ब्रूनो झोपला. त्या कुटुंबातल्या मुलीने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. त्यानंतर घाटकोपरची, बोरिवलीची, पवईची माणसं फोन करायला लागली. फोनवर सर्वेशचं नाव कोणी घेत नसे. “त्या ताई असतील ना गाडीत? ज्यांच्या मांडीवर कुत्री झोपतात?” एवढंच विचारत. कोणी फटाक्यांना घाबरणारं, कोणी एकटं राहिलं की दरवाजा कुरतडणारं, कोणी पुरुषाचा आवाज ऐकला की जागेवर मुतणारं. सगळी जान्हवीच्या मांडीवर येऊन निजली. लोक म्हणायचे, ताई, तुमच्या हाताला गुण आहे. आधी ती लाजायची. मग तिला ते खरं वाटू लागलं. आरशासमोर वेणी घालताना ती कधीकधी स्वतःच्या हातांकडे बघत राहायची. साधेच हात, खडे चिकटवून नखं खराब झालेले. पण बघा.

तिने स्वतःची अशी एक पद्धतही बसवली. कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आधी पाठ, मग मान, कान सगळ्यात शेवटी. लोकांना ती हे समजावून सांगायची, आणि शिकलेली माणसं मान डोलवून ऐकायची.

रामनाथ काका मुलुंडचे. वीज कंपनीत मीटर तपासायचं काम करून निवृत्त झालेले, एकटेच. त्यांची कुत्री ठमी. गल्लीतल्या पोरांनी दिवाळीत शेपटीला फटाक्यांची माळ बांधली होती त्या पिल्लाच्या, आणि काकांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, ते उचलून घरी आणलं होतं. शेपूट अर्धी राहिली आणि भीती पूर्ण राहिली. कुकरची शिट्टी झाली तरी ठमी पलंगाखाली.

“मंजुळेला दिवेआगरचा समुद्र बघायचा होता,” काका पहिल्याच भेटीत जान्हवीला म्हणाले. “पण हिला ठेवायचं कुणाकडे, म्हणून ती कधी गेलीच नाही. मी म्हणायचो, चल एक दिवस. ती म्हणायची, ठमी हंबरडा फोडेल. मंजुळा तशीच गेली. आता निदान हिला तरी दाखवावा म्हणतो. जमेल का हो तुम्हाला?”

“का नाही जमणार काका?” जान्हवी म्हणाली. त्या क्षणी तिला खरोखर वाटलं, की आजवरची सगळी कुत्री ही तयारी होती आणि खरं काम हे आहे.

“एक सांगतो. हिच्या हृदयाला सूज आहे. औषध चालू आहे. डॉक्टरांनी बजावलंय, झोपेचं, गुंगीचं काही द्यायचं नाही.”

“आमच्याकडे तसलं काही नसतं काका,” जान्हवी ठसक्यात म्हणाली. “आमच्याकडे नुसता हात.”

तिने ते सर्वेशलाही सांगितलं. तो टायरची हवा बघत होता. “हृदयाचं आहे म्हणे, जरा सांभाळून चालव.” तो “हं” म्हणाला.

पहाटे मुलुंडहून निघाले. ठमीला काकांनी चादरीत गुंडाळून आणलं होतं. चादरीसकट ती थरथरत होती, आणि इंजिन सुरू झालं तशी तिने असा सूर लावला, की बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. जान्हवीने पाठीवर हात ठेवला. ठमीने तो झिडकारला. पनवेल गेलं, पेण गेलं, तरी ती काही केल्या गप्प बसेना. काकांचा चेहरा पडत चालला. “परत फिरू या का?” त्यांनी दोनदा विचारलं. जान्हवीला घाम फुटला होता. असं कधी झालं नव्हतं.

वडखळला सर्वेशने गाडी थांबवली. नेहमीसारखा मागे आला, ठमीला पेढा भरवला, जान्हवीकडे बघून हसला. “होईल गं. तुझ्याकडून नाही झालं तर कोणाकडून होणार?”

आणि झालं. नागोठण्याच्या पुढे ठमीचा आवाज उतरला. तिने जान्हवीच्या मांडीला नाक लावलं, मग हनुवटी, मग सगळा भार टाकला. जान्हवी पाठीवरून मानेवर आली, मानेवरून कानांवर आली. काका समोरच्या पलंगावर बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मंजुळा गेल्यापासून ही अशी झोपली नव्हती हो,” ते म्हणाले. “पोरी, तुझ्यात माझ्या बायकोचं काहीतरी आहे.”

आयुष्यात तिला कोणी इतकं मोठं काही म्हटलं नव्हतं. ती हलली नाही. माणगाव गेलं, म्हसळ्याची वळणं आली, मांडी बधिर झाली, तरी हलली नाही. कुत्री जागी होऊ नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होती. ठमीच्या पोटावर ठेवलेल्या हाताखाली काही हलत नाहीये, हे तिला समुद्र दिसायला लागल्यावर कळलं.

“काका,” ती म्हणाली. तिने ठमीच्या पोटावरचा हात उचलला.

काकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी ठमीचा कान हातात घेतला, तो गार लागला, तसे ते तिच्याशेजारी लादीवर बसले. मग म्हणाले, “समुद्र दिसला असेल का गं तिला?”

“हो काका,” जान्हवी म्हणाली.

जिथे उतरायचं ठरलं होतं त्या घरमालकाने वाडीतली एक जागा दाखवली, सुपारीच्या झाडांच्या कडेला. काका आणि तो माणूस खड्डा खणायला लागले. गुंडाळायला काहीतरी हवं म्हणून जान्हवी गाडीकडे आली. ड्रायव्हरच्या सीटमागे सर्वेशचा जुना टॉवेल असायचा. टॉवेल ओढला तसा पेढ्यांचा खोका खाली पडला आणि पेढे पायरीवर फुटले. प्रत्येक पेढ्याच्या पोटात गोळीचा पांढरा तुकडा होता.

सर्वेश बोनेटजवळ उभा राहून पाणी पीत होता. ती हातात फुटका पेढा घेऊन त्याच्यासमोर गेली.

“हे काय आहे?”

त्याने इकडेतिकडे बघितलं. “हळू बोल.”

“मी तुला सांगितलं होतं. हृदयाचं आहे म्हणून सांगितलं होतं.”

“मग काय करायचं होतं? गाडी वळवायची होती? म्हातारा चार लोकांत बोंबलला असता, की त्या बाईला जमलं नाही. आणि म्हातारी कुत्री होती यार, घाबरून पण मेलीच असती.”

“म्हणजे सगळ्यांना देत होतास? प्रत्येक वेळी?”

“मग तुला काय वाटलं?” सर्वेश हसला. चिडून नाही, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसावं तसा. “तुझ्या गाण्याने झोपतात? अगं, गुंगी आली की कुत्रं जवळचं मऊ काहीतरी शोधतं. तू लादीवर बसलेली असतेस. गादी टाकली असती तर गादीवर झोपलं असतं.”

तिने हातातला फुटका पेढा बोनेटवर ठेवला. शेवटी तिने विचारलं, आणि आपण विचारतोय याचीच तिला लाज वाटली.

“ब्रूनोला? तो पहिला होता. त्याला तरी नव्हती ना दिली?”

“त्याला तर दोन,” सर्वेश म्हणाला. “केवढा होता तो.”

वाडीतून काकांनी हाक मारली. जान्हवी टॉवेल घेऊन गेली. ठमीला त्यात गुंडाळलं, खड्ड्यात ठेवलं, माती लोटली. सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. गाडीपासून खड्ड्यापर्यंत येताना शब्दसुद्धा जुळवले होते. काकांनी हात झटकले आणि तिचे दोन्ही मातकट हात आपल्या हातांत धरले.

“जन्मभर भीत जगली ती,” ते म्हणाले. “मरताना मात्र भ्याली नाही. ते तुझ्यामुळे. या हातांमुळे. मी विसरणार नाही पोरी.”

जान्हवीने तोंड उघडलं. समोर म्हाताऱ्याचा चेहरा होता, रडून धुतल्यासारखा शांत. हे खेचून घेतलं तर याच्याकडे काय राहील, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, ते मान्य करायला तिला पुढे बरेच दिवस लागले, असंही आलं, की माझ्याकडे काय राहील. तिने तोंड मिटलं.

मुंबईला परतल्यावर काकांनी स्वतःहून मोबाईलसमोर बसून जान्हवीबद्दल सांगितलं. ठमीचं नाव घेताना त्यांचा आवाज फुटला. ते हजारो लोकांनी बघितलं, आणि सर्वेशचा फोन थांबेना.

“आता गोळी नाही,” जान्हवीने त्याला बजावलं. “नाहीतर मी येणार नाही.”

“बघ बाबा, तुझी मर्जी,” तो खांदे उडवून म्हणाला.

पुढची सहल बोरिवलीच्या निधीची होती, कॉलेजात शिकवणारी, सोबत तरणाबांड, तांबूस रंगाचा कुत्रा. जान्हवी लादीवर बसली. डोळ्यांत बघितलं नाही. पाठ, मग मान. तिने सगळा जीव हातांत आणला होता. कुत्र्याने गाडीत उलटी केली, पडदा फाडला, दारावर पंजे मारून मारून नखातून रक्त काढलं. ती कानांपर्यंत पोचली तेव्हा त्याने तिच्या मनगटात दात रुतवले.

“सॉरी ताई, सॉरी!” निधी ओरडली. मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, “पण व्हिडिओत तर तुम्ही... आमच्याच बाबतीत असं का होतंय?”

जान्हवीला ती नजर ओळखीची होती. साकीनाक्याच्या शेठची, सासूची, सगळ्यांची. पदराने मनगट बांधत तिने ड्रायव्हरच्या मागच्या छोट्या खिडकीवर टकटक केलं. सर्वेशने वळून न बघता हात मागे केला. हातात पेढा होता. तो त्याने तयारच ठेवला होता.

“याला हृदयाचं वगैरे काही नाही ना?” तिने निधीला विचारलं.

“नाही. का हो?”

“काही नाही. पेढा चालेल ना, म्हणून.”

तिने तो आपल्या हाताने भरवला. खोपोलीच्या पुढे कुत्रा तिच्या मांडीवर येऊन पडला. निधी कुजबुजली, “बापरे. ताई, कमाल आहे तुमची.” जान्हवी खिडकीबाहेर बघत होती. हात सवयीने फिरत होता.

आता त्यांच्या दोन गाड्या आहेत. पेढे जान्हवीच बनवते, वजन विचारून, आजार विचारून. त्यानंतर एकही कुत्रं दगावलं नाही, आणि त्याचं श्रेय सर्वेश तिला मोकळ्या मनाने देतो.

गेल्या महिन्यात तिची धाकटी बहीण अक्षता बाळंत होऊन माहेरी आली. मुलगा झाला. नामकरणाच्या दिवशी पोर सकाळपासून रडत होतं. आत्या झाली, मावश्या झाल्या, शेजारणी झाल्या, कोणाकडे राहीना. मग आईने, जयाबाईंनी, ते गाठोडं उचलून जान्हवीपुढे धरलं.

“घे गो तेका. तुझो हात लागलो काय गप ऱ्हवतलो.”

“नको आई.”

“नको काय? अख्खी मुंबई तुझ्याकडे कुत्री घेऊन येता.”

सगळ्या बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने मोबाईलसुद्धा वर धरला. पोर आईच्या हातांत लाल होऊन किंचाळत होतं, त्याचे पाय हवेत झाडले जात होते. जान्हवीने हात पाठीमागे नेले.

“मला नाही येत ते,” ती म्हणाली.

कोणाला पटलं नाही. अक्षताने तोंड फिरवलं. आई पोराला खांद्यावर टाकत म्हणाली, “कुत्र्यांका निजवतंस, घरच्या पोराक हात लावूक तुका जड जाता. मोठी झालंस गो तू.”

जान्हवी स्वयंपाकघरात गेली आणि पंगतीची ताटं पुसायला लागली. बाहेर पोर रडतच होतं.