धुतलेली पत्रावळ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही, पूर्णेहून परभणीला रोज ज्याच्या शेजारी बसून रेल्वेनं जायचो त्या मित्रापाशीही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता सांगून कुणाचंच काही बरं होणार नाही, हे पुरतं कळलंय — म्हणूनही असेल.

गोष्ट एका डब्याची आहे. डब्याची कसली कबुली, असं वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, किंवा मी तसं वाटून घेत होतो.

लॉकडाउनमध्ये पुण्याची नोकरी गेली आणि मी घरी आलो. आमच्याकडे म्हणतातच — बनी तो बनी, नहीं तो परभणी. माझी बनली नाही. परभणीत जिंतूर रोडला, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर, एक लहानसं ऑफिस होतं. खाली युरियाची पोती, वर आम्ही चार-पाच जण कॉम्प्युटरला डोळे लावून. एका साखर कारखान्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. उसाच्या तोडीची पाळी आली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जायचा — उद्या टोळी तुमच्या फडात येतेय, हजर राहा. काम एवढंच, पण हंगामात गावंच्या गावं त्या निरोपाकडे डोळे लावून बसायची.

आता डबा. कुणीही कोडमध्ये काही बदल केला की तो आधी तपासावा लागतो. त्यासाठी एक यंत्र असतं, त्याला रनर म्हणतात. ते दर वेळी एक कोरा डबा उघडतं — खरं नाव कंटेनर, पण ऑफिसात सगळे डबाच म्हणायचे — त्यात तो बदल घालून चालवून बघतं. चालला तर पडद्यावर हिरवी खूण, नाही तर लाल. मग तो डबा फेकून द्यायचा. पुढच्या बदलाला पुन्हा नवा. आधी आम्ही असं यंत्र भाड्यानं वापरायचो. मग सरांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या मनात आलं, आपलं स्वतःचंच उभं करू. इन्व्हर्टरच्या शेजारी एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं — मीच पुढं होऊन घेतलं. पुण्याहून आलेला ना मी.

पंगतीतल्या पत्रावळीसारखं आहे हे. एकानं जेवायचं, उचलायची, फेकायची. दुसऱ्याला नवी. ती धुऊन पुन्हा मांडायची नसते, हे कुणाला शिकवावं लागतं का?

मला लागलं. आमच्या पूर्णेच्या घरात दुधाची रिकामी पिशवीसुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालतात. धडधाकट वस्तू एकदा वापरून फेकायची म्हटलं की माझा हातच उठत नाही. त्यात ऑफिसातलं नेट रडतखडत चालायचं. कोरा डबा भरायला दर वेळी सगळं सामान नव्यानं उतरवावं लागायचं, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सगळे वैतागायचे — तुझं यंत्र आहे का बैलगाडी? मग मी एक दिवस डबा फेकणंच बंद केलं. तोच ठेवला, आतून जरा पुसून घेतला आणि पुढच्याला तोच दिला. काम एकदम सुसाट. सांगितलेला चहा वर येईपर्यंत हिरवी खूण यायला लागली. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काय केलंस, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हे चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण कौतुक गोड लागलं हो.

आता महानंदाबद्दल सांगायला हवं. तिच्यापर्यंत यायचं टाळतोय मी, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

महानंदा चारठाण्याची. वडलांचं गावात किराणा दुकान, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. परभणीत मावशीकडे राहून ती आमच्याकडे कोड लिहायची. तिच्या गावात कॉम्प्युटरवर नोकरी करणारी तीच पहिली मुलगी, आणि हे वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. तिची नजर भलती पक्की होती. लांबून पडदा बघून चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगायची. कुणी म्हणालं की पुन्हा एकदा बघ, तर मान वर न करता म्हणायची, "बघितलंय म्हंजे बघितलंय." आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. फक्त आपला बदल रनरवर गेला की गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसायची. हिरवं आलं की मूठ सोडायची.

त्या हंगामात निरोपांचं मोठं काम तिनं एकटीनं उचललं. कोड चालायला बाहेरचे काही तयार तुकडे लागतात. कुठले कुठले लागतात ते कोडसोबत लिहून द्यावं लागतं. तिच्याकडून एकाचं नाव लिहायचं राहिलं. असं सगळ्यांचंच होतं. कोऱ्या डब्यात ते तिथल्या तिथं लाल झालं असतं, तिनं जीभ चावली असती, एक ओळ वाढवली असती आणि विसरून गेली असती. त्यासाठीच तर रनर असतो. पण माझ्या डब्यात तो तुकडा आधीपासून पडलेला होता. मीच कधीतरी काहीतरी करून बघताना हातानं टाकलेला. आधीच्या पंगतीचं खरकटं. हिरवी खूण आली. तिनं मूठ सोडली.

कारखान्याच्या यंत्रावर तो तुकडा नव्हता. निरोप जाणं बंद पडलं आणि बरेच दिवस कुणाला कळलंही नाही. टोळ्या फडावर जायच्या, शेतकरी तिथं नसायचा, टोळी पुढच्या गावाला निघून जायची. ज्यांची पाळी हुकली त्यांचा ऊस उभ्यानं वाळायला लागला.

मला कधी कळलं? सरांचा फोन आला तेव्हाच, त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकरच्या गाडीनं आलो. ऑफिस उघडलं, खालच्या दुकानाचं शटर अजून बंद होतं. मी तो जुना डबा फेकून दिला. रनरला सांगितलं, इथून पुढं दर वेळी कोरा. जागा करायला जुन्या तपासण्यांच्या नोंदी अधूनमधून पुसायची माझी पद्धतच होती. त्या दिवशी जरा आधी पुसल्या, महानंदाची हिरवी खूणही त्यांतच गेली. मग झाडून घेतलं, खिडक्या उघडल्या, सगळे यायची वाट बघत बसलो. घाबरलो होतो का? नाही. तेच तर सांगतोय.

सर आले, महानंदा आली. सर म्हणाले, तिचा तोच बदल माझ्यासमोर पुन्हा चालवा. चालवला. ती मूठ धरून उभी होती. लाल आलं.

"सर, मी हिरवं बघितलंय," ती म्हणाली. "बघितलंय म्हंजे बघितलंय." आणि मग माझ्याकडे वळली. "दादा, डबा दर टायमाला कोराच उघडायलाय ना?"

नेमकं तेच विचारलं तिनं. दुखतं तिथंच बोट ठेवलं, आणि ठेवलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. तिला माझा संशय आला नव्हता. ती मला मदत मागत होती.

मी म्हणालो, "कोराच असतो."

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मी अगदी मायेनं बोललो, मोठ्या भावासारखं. म्हटलं, घाईत दुसऱ्याच्या बदलाची हिरवी खूण आपली वाटते कधीकधी. माझंही असं झालंय. तुझ्या नजरेला भास झाला असेल.

माझं असं कधीच झालेलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी बघितलं, तुम्हाला सांगतो — तिनं मनातल्या मनात दोन पारडी धरली. एका पारड्यात दादाचा शब्द, दुसऱ्यात स्वतःचे डोळे. आणि तिनं माझा शब्द उचलला.

"असंल," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण शाळेत असताना मी वाक्यात वापरून दाखवली होती. माझ्या वाक्याचं गुरुजींनी कौतुक केलं होतं.

सरांनी तिला काढलं नाही. ते तसे भले माणूस. पण ज्यांच्या पाळ्या हुकल्या त्यांचे फोन घ्यायला तिला बसवलं, कारण चूक जिची, उत्तर तिनं द्यायचं. माझी खुर्ची तिच्या शेजारी. फोनमधला आवाज मला ऐकू यायचा. "ओ ताई, टोळी येऊन माघारी गेली, आमाला पत्ताच न्हाई. तुमी काय झोपा काढायलाव का तिथं?" लोक याहून पुष्कळ वाईट बोलायचे. ती एकच उत्तर द्यायची — "चुकलं काका. माझ्याच्यानं चुकलं." फोन ठेवायची, पुढचा घ्यायची. मी काय करायचो? तिच्यासाठी चहा सांगायचो. आणि ती म्हणायची, दादा, तुमीच एक समजून घेता.

फोन थांबले, पण ती पहिल्यासारखी झाली नाही. हिरवी खूण आली तरी मला हाक मारायची. "दादा, हे हिरवंच हाय ना?" मी खुर्चीतून उठून जायचो, बघायचो, सांगायचो, हिरवंच आहे. आधी दिवसातून एखाद्या वेळी. मग प्रत्येक बदलाला. मग ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा तीच लिहायची. शेवटी लिहिणंच सोडलं. एक दिवस म्हणाली, हे काम आपल्या नजरेचं न्हाई दादा. मी स्टँडवर सोडायला गेलो. जिंतूरच्या गाडीत चढून तिची बॅग वर फळीवर ठेवली. सोबत आलेली तिची मावशी मला म्हणाली, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. ते मी ऐकून घेतलं.

एक वाक्य लागत होतं. महानंदा, तू हिरवंच बघितलं होतंस. फोन उचलून हे म्हणायला किती वेळ लागतो? किती वेळा तिचं नाव काढून त्यावर बोट ठेवलं आणि उचललं. नोकरी जाईल, पूर्णेत-परभणीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, लग्न ठरत होतं ते मोडेल — कारणं होती. आता नोकरी बदलली, लग्न झालं, सरांनी ऑफिसही बंद केलं. एकेक कारण गळून गेलं. मी तरी बोललो नाही. म्हणजे ती कारणं नव्हतीच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझ्याकडे राहिलं.

हल्ली एका कॉलेजात मला शिकवायला बोलावतात. विषय हाच — स्वतःचा रनर कसा उभा करायचा. मी मुलांना सांगतो, कंटेनर म्हणजे पत्रावळ. धुऊन पुन्हा वाढू नका. मुलं हसतात. ते उदाहरण त्यांच्या फार लक्षात राहतं म्हणे.

गेल्या हिवाळ्यात बायकोला देवळं दाखवायला चारठाण्याला नेलं. हट्ट तिचाच होता, मी टाळत आलो होतो. परत येताना ती म्हणाली, शेंगदाणे घेऊ. दुकान रस्त्यावरच होतं, आणि काट्यामागं महानंदा बसली होती. तिनं ओळखलं, उठली, स्टूल पुढं केलं, वडलांना हाक मारून सांगितलं, ह्येच ते दादा. म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

पुढं एक गिऱ्हाईक होतं. महानंदानं साखर तोलली. काट्यावर आकडा लाल दिव्यांत लख्ख उमटला, मला लांबून दिसत होता. तिनं वाकून बघितला. पुन्हा बघितला. मग काटा गिऱ्हाइकाकडे वळवून म्हणाली, "काका, किती दिसायलंय तुमाला?" त्यानं आकडा वाचला, तेव्हा पुडी बांधली. वडील मला अभिमानानं म्हणाले, "पोरगी लय इमानदार हाय. गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवल्याबिगर पुडी बांधीत न्हाई. पंचक्रोशीत नाव हाय तिचं."

बायको म्हणाली, अशी माणसं राहिली नाहीत आता.

मग आमचे शेंगदाणे आले पारड्यात. महानंदा वाकली, बघितलं, पुन्हा बघितलं. काटा माझ्याकडे वळवला.

"दादा, तुमीच सांगा. किती हाय?"

आकडा समोर होता. मी होता तसा वाचला, अर्धा किलो.

तिनं पुन्हा काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.