चौकीतल्या प्लगपर्यंत तीन चकरा

आमचे हे म्हणजे चेंगटपणाचा कळस. रेल्वेत विजेच्या कामात उभी हयात गेली, आता रिटायर झाले, तरी घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणार. मी पडले तडतडी. चाळीस वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडतेय, पण ढिम्म फरक नाही.

नानाखेड्याजवळच्या आमच्या कॉलनीत छोटासा स्विमिंग पूल आहे. संध्याकाळी मी तिथे बायकांना पोहायला शिकवते. सगळ्या पन्नाशीपुढच्या, पाण्याला भिणाऱ्या. त्यात पाण्याखालचा दिवा गेला, मग अंधारात एक उतरेल तर शपथ! पूल बंद पडला. कॉलनीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, सगळं पाणी काढावं लागेल. ऐन मे महिन्यात!

हे म्हणाले, "काही गरज नाही. दिव्यामागे लांब वायर गुंडाळून ठेवलेली असते. स्क्रू काढला की दिवा पार काठावर येतो."

पण स्क्रू पाण्यात हातभर खाली, आणि यांना पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा जीव घाबरा होतो. म्हणून ठरलं, पाण्यात मी, काठावर हे.

फ्रीगंजच्या बाजारातून नवा दिवा आणला. सकाळी मी पोहायचे कपडे घालून तयार. पंपाच्या खोलीतला स्विच मीच बंद केला. तर हे टेस्टर घेऊन निघाले गेटाकडे.

"अहो, कुठे चाललात?"

"चौकीदाराच्या चौकीत. तिथल्या चालू प्लगमध्ये टेस्टर लावून बघतो. हाच मेलेला असला तर?"

कपाळावर हात मारला मी. पलीकडे एवढं लांब चालत गेले, रमत-गमत परत आले, आणि काठावरच्या डब्याचं झाकण उघडायला बसले. दिव्याची वायर तिथे जोडलेली असते. म्हटलं, हे बसतील दुपारपर्यंत. "स्विच मी माझ्या हाताने बंद केलाय, बस झालं आता," म्हणत मी शिडीवर पाय ठेवला.

"मागे हो! आधी मागे हो!"

इतक्या वर्षांत यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी जागच्या जागी थिजले. त्यांच्या हातातला टेस्टर लालबुंद पेटलेला होता.

ज्या कुणी शहाण्याने फिटिंग केलं होतं, त्याने स्विच भलत्याच वायरवर बसवला होता. बटण दाबलं की दिवा विझायचा, पण करंट थेट दिव्यापर्यंत तसाच उभा. आणि त्या दिव्याच्या काचेत पाणी शिरलेलं. तिथेच मी हात घालणार होते. शिडीवरचा पाय काढून मी काठावर बसूनच राहिले.

यांनी मेन बंद केला, बोर्डाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग पुन्हा चौकीत. चौकीची लाइन वेगळी, तिथला प्लग चालू. परत येऊन डब्यात टेस्टर लावला, विझलेला. तरी तिसऱ्यांदा चौकीत, टेस्टर आत्ताच मेला नाही ना बघायला! तिथला चौकीदार हसून ओरडला, "आंटीजी, अंकल का टेस्टर एकदम ठीक है!" मला हसू आलं नाही. ती संथ चाल मी डोळे भरून बघत होते.

"आता उतर," ते म्हणाले.

मी स्क्रू काढला, दिवा वर दिला. त्यांनी नवा जोडला, रबराची रिंग बोटाने चाचपून बसवली, बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघितलं. एरवी मी दहादा ओरडले असते. त्या दिवशी नुसती त्यांच्या बोटांकडे बघत राहिले, आणि मनात म्हटलं, काय देखणं काम करतो हा माणूस!

दिवा बसवून मी बाहेर आले. स्विचची वायरही त्यांनी नीट करून टाकली. मी अंग पुसल्यावरच त्यांनी मेन चालू केला. पाणी निळंशार उजळलं. बघते तर हे अजून टेस्टर मुठीत घट्ट धरून, काठापासून चार पावलं मागे उभे.

"अहो, झालं ना सगळं! आता कसली भीती?"

"विजेचं मला कळतं गं," ते म्हणाले. "पण तू त्या पाण्यात पडली असतीस, तर मला तुझ्यापर्यंत येता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना हाताला धरून स्विमिंग पूलवर नेलं आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं केलं. उतरायला अर्धा तास लावला त्यांनी. मी घाई केली नाही.