चेंडू कुठाय ते सांगणारी वहिनी

रविवारी मॅच संपवून ही घरी आली. तीन जिने चढून आली, पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकला. चहा पिताना आम्ही भांडलो. दर रविवारी भांडायचो.

मी म्हणालो, "दुसरा गोल ऑफसाइड होता."

"मी तिथं होते. तुम्ही इथं खाटेवर."

"तुझ्याच बोलण्यावरून सांगतोय. पास सुटला तेव्हा तो कुठं उभा होता ते तूच सांगितलंस रेडिओवर."

तिनं बशी तशीच धरून जरा विचार केला. मग म्हणाली, "असेल. पण रेफ्रीनं दिला म्हणून मी दिला. तुमच्यासाठी परत घेऊ काय?" चहा संपवला आणि नेहमीचं बोलली, "पुढच्या रविवारी खाली या. एकदा तरी या हो मैदानावर."

मीपण नेहमीचं बोललो, "बघू."

परळच्या आमच्या गल्ल्यांत तिला सगळे वहिनी म्हणायचे. सत्तरीच्या पुढची बाई, पण म्हातारे आणि पोरंटोरं सगळ्यांचीच वहिनी. रेडिओवरही वहिनीच. आठ वर्षं तिनं फुटबॉलची कॉमेंट्री केली. तिला ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण तिच्याइतकी मॅच मला कुणी दाखवली नाही.

पूर्वी आमच्या गॅलरीतून मैदान दिसायचं. मिलच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि मैदान त्याच्या मागं गेलं. मी मिलच्या टीमचा बॅक. मिल बंद पडली तरी टीम चाळीच्या मंडळानं चालू ठेवली आणि मी एक रविवार चुकवला नाही. मग दोन्ही गुडघे गेले. चाळीला लिफ्ट नाही. रविवारी चार वाजले की टॉवरच्या मागून नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. गोल झाला कळायचं, कुणी केला ते कळायचं नाही. त्यापेक्षा बहिरा असतो तर बरं, असं वाटायचं.

त्याच सुमाराला जवळच्या कॉलेजनं छोटा रेडिओ सुरू केला. दोन-चार गल्ल्यांत ऐकू येईल एवढाच. त्यावर रविवारच्या मॅच द्यायला लागले. बोलणारे गृहस्थ शिकलेले. खेळाडूंची जिद्द काय, वातावरण काय, सगळं सांगायचे. ही तांदूळ निवडत ऐकत होती. अर्ध्या तासानं सूप खाली ठेवलं, चपला घातल्या आणि तरातरा मैदानावर गेली. तिथं काय बोलली ते मी रेडिओवरच ऐकलं, कारण माईक चालू होता. "अहो साहेब, चेंडू कुठाय ते सांगा ना! जिद्द काय करायचीय? आमचे हे घरी आंधळ्यासारखे बसलेत."

रेडिओच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मावशी, मग तुम्हीच सांगा." ही म्हणाली, "सांगते की. सरका." मॅडमना थट्टा करायची होती. हिनं माईकपुढचा बाक धरला तो धरलाच.

डावं-उजवं ती कधी बोलली नाही. तिच्या मैदानाला चार बाजू होत्या. हॉस्पिटलकडचा गोल, चाळीकडचा गोल, एका अंगाला पिंपळ आणि दुसऱ्या अंगाला मुतारी. "चेंडू मुतारीच्या बाजूनं निघाला, शिंप्याचा मोठा पळतोय, पळतोय, आता पिंपळाकडं मारला." मॅडमनी समजावलं, "मावशी, मुतारी नका म्हणू, बरं दिसत नाही." ही म्हणाली, "बरा वासपण येत नाही. पण तिथंच आहे ना ती? मग चेंडू कुठाय म्हणून सांगू?" मुतारी राहिली. ज्यानं ते मैदान एकदा बघितलंय त्याला घरबसल्या सगळं दिसायचं.

खेळाडूंचे नंबर तिला चालत नसत. ती माणसं सांगायची. शिंप्याचा मोठा, पोस्टातल्या बाईंचा भाचा. वरळी कोळीवाड्याची टीम आली की आधी तासभर त्यांच्यात जाऊन बसायची, कुणाची आई कोण ते विचारून यायची. मग रेडिओवर सांगायची, "हा उंच आहे ना, ह्याची आई आपल्याकडं बोंबील घेऊन येते. मारू नका रे त्याला." आपल्याच माणसानं चेंडू घालवला की तिची मालवणी सुटायची. "अरे मेल्या, पास दी मरे! खंय बघतस?" लगेच सावरायची आणि स्कोअर सांगायची. स्कोअर ती सारखा सांगायची. म्हणायची, "कुणीतरी आत्ताच हात पुसून रेडिओ लावला असेल. त्याला काय माहीत?"

कुणी पडला, तर ती बाकी सगळं सोडून द्यायची. मॅच चालू असली तरी सांगायची फक्त त्याचं. "पडलाय. पाय धरलाय. पाणी मारतायत. बसला. उभा राहिला. गुडघा झाडतोय. त्याच्या आईनं चहा टाकायला हरकत नाही." चाळीत त्या वेळी एवढी शांतता असायची की समोरच्या खोलीतला स्टोव्ह पेटलेला ऐकू यायचा.

एकदा मी छातीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात होतो. आमच्या मंडळाची मॅच होती. वॉर्डातले चार-पाच म्हातारे माझ्या खाटेभोवती जमले. एकेकाळचे मिलवालेच सगळे. आम्ही चार गोलांनी हरलो. हिनं चारही गोल इत्थंभूत सांगितले, आपला बॅक कसा बघत उभा राहिला तेही सोडलं नाही. भेटायला आली तेव्हा मी तडकलो. "पेशंटला जरा सांभाळून सांगायचं कळत नाही?" ती पेजेचा डबा उघडत म्हणाली, "तुम्हाला सांभाळायला मी आहे. रेडिओनं कशाला सांभाळायचं?" बाजूच्या खाटेवरचा म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला, नर्स धावत आली.

आता खरं सांगतो. मी मैदानावर गेलो नाही ते नुसत्या गुडघ्यांमुळं नाही. दोघांनी धरलं असतं तर उतरलो असतो. पण ज्या मैदानात माझ्या अंगावर यायला लोक घाबरायचे, तिथं मला कुणीतरी बखोटीला धरून आणलेलं दिसायला नको होतं. "हळू हां काका," हे ऐकायचं नव्हतं. तिला हे माहीत होतं. चारचौघांत तिनं कधी बोलून दाखवलं नाही. हाफटाइमला रेडिओवर मात्र म्हणायची, "घरात बसलेल्यांनो, अजून अर्धी मॅच आहे. या." लोकांना वाटायचं सगळ्यांना बोलावतेय. आठ वर्षं ती मलाच बोलावत होती. मी खाटेवर बसून ऐकत होतो.

त्या रविवारचा चहा झाला, रात्री जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी नळाला पाणी आलं तरी ती उठली नाही. मी हाक मारली. मग हाताला हात लावला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. ते त्यांना कसं कळलं देव जाणे.

दुपारी तिला खाली नेली. जिना अरुंद, उभी करूनच न्यावी लागली. शेजारचा तावडे म्हणाला, "काका, तुम्ही वरच थांबा. आम्ही करतो सगळं." आणि मी थांबलो. सवयच ती. गॅलरीत उभा राहिलो. ती गल्लीतून टॉवरच्या मागं गेली आणि तिथून पुढचं मला दिसलं नाही. खालून माणसांचा आवाज येत होता. कुठं पोचले, काय चाललंय, सांगणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तावडेचं दार वाजवलं. म्हणालो, "मला खाली ने."

तो बघतच राहिला. "आत्ता? कुठं जायचंय काका?"

"मैदानावर."

त्यानं भावाला उठवलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं. तीन जिन्यांना पाऊण तास लागला. दुसऱ्या मजल्यावर तावडेचा भाऊ म्हणाला, "हळू हां काका." मी म्हणालो, "हो."

मैदानावर टॉवरमधल्या ऑफिसची माणसं खेळत होती. रंगीत बूट, नवीन कपडे. मला कुणी ओळखलं नाही. मी मैदानाच्या कडेच्या दोरीला धरून उभा राहिलो. पाच पावलांवरून चेंडू जात होता, स्वच्छ दिसत होता. तेवढ्यात गोल झाला आणि ते सगळे ओरडले. कुणी मारला, पास कुठून आला, मला काहीच समजलं नाही.

तावडे म्हणाला, "काका, दमला असाल. घरी जाऊ या?"

मी म्हणालो, "थांब. मॅच संपू दे."

आणि संपेपर्यंत उभा राहिलो.