पत्र्याच्या पेटीतला राउटर

वायरमन म्हणून त्याचं नाव एकाच गोष्टीसाठी: त्याच्या कामात वायर दिसायची नाही. लोक त्याला 'गुप्तवायर' म्हणायचे आणि गडी त्यावरच खूश! स्वतःच्या तीन मजली घरात तर त्याने कहर केला होता. राउटरसुद्धा तळमजल्यावर, जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत कोंबून वर कडी. वायफाय वर नीट पोचेना, तर दोष इंटरनेट कंपनीला. "पेटीतून बाहेर काढा," असं कंपनीचा माणूस म्हणाला, त्याला याने उभ्या उभ्या वाटेला लावलं. घरात डबडी लटकवायची का?

आई तिसऱ्या मजल्यावर. पायात जोर नव्हता, पण खिडकी सोडून खाली यायला तयार नाही. म्हणून त्याने तिच्या खोलीत वायफायवर चालणारा कॅमेरा बसवला. कामावर असला तरी सारखा फोन काढून बघायचा. आई खुर्चीत दिसली की जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी एका दुकानात शिडीवरून त्याने पाहिलं, आई खुर्चीत. थोड्या वेळाने पाहिलं, खुर्चीतच. मान तशीच, हात तसाच. बसलीय बिचारी निवांत, असं म्हणून तो कामाला लागला. मग सहज आईमागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. सव्वादहा. आणि दुकानात साडेअकरा वाजून गेलेले!

चित्र अडकलं होतं. आईला फोन लावला, उचलेना. पक्कड तिथेच टाकून तो पळत सुटला. तीन जिने कसे चढला, त्याचं त्यालाच माहीत.

आई जमिनीवर होती, पलंगाला टेकून.

"आई गं! लागलं का?"

"ओरडू नकोस. घसरले नुसती. उठता येईना, फोन तिकडे राहिला." तिने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तासभर हात हलवतेय तुला. म्हटलं, बघतोय ना, येईलच."

त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं.

मग खाली जाऊन त्याने राउटर पेटीतून काढून भिंतीवर टांगला. भिंत फोडत बसला नाही. जिन्याच्या कठड्याला बांधत बांधत केबल थेट वर नेली आणि आईच्या खोलीत दुसरा राउटर लावला.

"अरे, वायर दिसतेय," आई म्हणाली.

"दिसू दे."

आता चित्र अडकत नाही. तरी फोन उघडला की तो आधी घड्याळाचा सेकंदकाटा बघतो. तो हलला, की मग आईकडे.