बीकरमधलं निळं पाणी आणि एकाच रंगाच्या दोन गाड्या

माझी धाकटी मावशी एकोणतीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिथले शिक्षक तिला पाठीमागे ‘कशावरूनबाई’ म्हणायचे. कुणी काहीही सांगितलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला, “कशावरून?” तिच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा रागावली नाही. कुणी ठेवलं, एवढंच विचारत राहिली.

काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं गाडी चालवणं बंद झालं. व्यायामाचं केंद्र डोंगराच्या पलीकडे, आठवड्यातून तीनदा जायचं. चालवणार मावशी. त्यांची जुनी छोटी गाडी चढावर धापा टाकायची, म्हणून एक वापरलेली सेडान घ्यायचं ठरलं.

विक्रेत्याचा गॉगल कायम कपाळावर असायचा, म्हणून आमच्यासाठी तो गॉगलवाला. त्याच्याकडे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकच कंपनी, एकच वर्ष, एकच राखाडी रंग. फक्त एकीच्या पाठीवर लाल रेघेचा छोटा बिल्ला होता.

“ही परफॉर्मन्स पॅकेजवाली,” गॉगलवाला म्हणाला. “कडक स्प्रिंगा, मोठे ब्रेक, असं बरंच काही. किंमत थोडी जास्त आहे, पण बसल्या बसल्या फरक कळेल.”

काकांचा चेहरा उजळला. तरुणपणापासून त्यांना अशा गाडीचं वेड. “अगं, हीच घेऊ.”

“अहो, कडक स्प्रिंगा म्हणतोय तो. तुमच्या पाठीचं काय?”

“पाठीचं मी बघतो.”

“कसं बघणार? पाठ मागे असते,” मावशी म्हणाली. गॉगलवाला हसला, काका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला गॉगलवाल्याकडे बोलावून घेतलं. हातात शाळेतून मागून आणलेलं काचेचं बीकर आणि शाईची बाटली. चारशेच्या खुणेपर्यंत पाणी भरून त्यात निळी शाई टाकली, बीकर एका डब्यात घट्ट बसवलं आणि मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं. शेजारी मी, वही घेऊन. पुढे गॉगलवाला. इतक्या वर्षांत असलं गिऱ्हाईक पाहिलं नसावं, म्हणून सारखा मागे वळून बीकरकडे बघत होता.

दवाखान्यामागच्या रस्त्यावर ओळीने तीन गतिरोधक आहेत आणि पुढे उखडलेला पट्टा. मावशीने आधी साधी गाडी नेली, काटा पंचवीसवर धरून. पाणी किती सांडलं ते मी लिहिलं. मग बीकर परत भरून बिल्ल्याची गाडी, तोच रस्ता, तोच वेग. असं प्रत्येकीचं तीनदा.

आकडे जवळजवळ सारखे आले.

“बघा बाई!” गॉगलवाला खूश झाला. “उगाच घाबरत होतात. पॅकेज असूनही गाडी लोण्यासारखी. घेऊन टाका.”

दुसरं कुणीही असतं तर निश्चिंत झालं असतं. मावशीच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. “स्प्रिंगा कडक आहेत ना? मग पाणी जास्त सांडायला हवं होतं. का नाही सांडलं?”

“आता नाही सांडलं त्याला मी काय करू?”

“तुम्ही काही करू नका. गाडी मिस्त्रींकडे न्यायची परवानगी द्या.”

मिस्त्री म्हणजे तिच्या ओळखीचे म्हातारे मेकॅनिक. त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, दिवा घेऊन खाली शिरले आणि बराच वेळ नुसतं “हं, हं” करत राहिले. मावशीला राहवेना. पदर खोचून तीही खाली गेली.

“हे बघा,” मिस्त्री म्हणाले. “स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर चारही चाकांचे बदललेत. साध्या गाडीचे बसवलेत. आधीच्या मालकालाही धक्के सोसले नसतील. बिल्ला तेवढा राहिलाय.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक अस्सल. मोठे, आणि भरपूर जीव आहे त्यांत.”

गॉगलवाल्याने गॉगल काढून हातात घेतला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे तोंडावरून दिसत होतं. मावशीने त्याला काही सुनावलं नाही. गोदामामागच्या मोकळ्या रस्त्यावर दोन्ही गाड्या नेऊन, खडूच्या रेघेपाशी ब्रेक दाबून, कोणती कुठे थांबते ते तिने पावलांनी मोजलं. बिल्ल्याची गाडी पाच पावलं आधी थांबली. तीनदा.

घरी काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघत राहिले. “म्हणजे ती तशी गाडी नाहीच.”

“निम्मी आहे,” मावशी त्यांच्याजवळ बसली. “आपल्याला सोसलं नसतं तेच नेमकं गेलंय. उतारावर लागणार ते शिल्लक आहे.”

“तुला ती चालवताना कसं वाटलं?”

मावशीने खरं ते सांगितलं. “मजा आली. थांबताना जास्त.”

काका त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. “मग घे.”

गॉगलवाल्याने साध्या गाडीचीच किंमत लावली, वर ब्रेकपुरते थोडे घेतले. बिल्ला काढून देऊ का, असंही विचारलं. “राहू दे,” काका म्हणाले.

पहिल्याच फेरीत वेगळीच पंचाईत झाली. पॅकेजच्या पुढच्या सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा होत्या, अंगाला मिठी मारल्यासारख्या. काका आत बसले ऐटीत, पण केंद्रापाशी उतरता येईना. कड ओलांडायची म्हणजे पाठ वळवायची, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच मना केलेलं. मावशी, मी आणि केंद्रातला मदतनीस, अशा तिघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. पाणी मोजलं, पावलं मोजली. माणूस बसवून उतरवून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“हे माझ्या डोक्यातच आलं नाही,” मावशी दोनदा म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, पण नजर एव्हाना त्या कडेवर खिळली होती. संध्याकाळी तिने सीटवर ठेवायला एक जाड उशी कडेच्या उंचीइतकी शिवली, वर गुळगुळीत अस्तर लावलं आणि स्वतः पाठ न वळवता पाच-सहा वेळा घसरून उतरून पाहिलं. मग काकांना हाक मारली.

काका आले, बसले आणि अलगद उतरले. उतरून पुन्हा बसले.

“आता कशाला बसलात?” मावशीने विचारलं.

“चल, चक्कर मारून येऊ.”