चांदणीला नजर लागली नव्हती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दवाखान्यात माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या कंपाउंडरलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या रस्त्यात भेटलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही — बघा, सुरुवातच अशी. कबूल करायला बसलो, तरी आधी स्वतःची सोय पाहून घेतली. माझा हा गुण पुढंही दिसेल.

मी जनावरांचा डॉक्टर. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत जिना चढून वर दवाखाना आहे. कुत्री-मांजरं तिथं येतात. गाई-म्हशी आणि घोड्यांसाठी मी गाडी काढून बाहेर जातो. घोडे म्हणजे टांग्याचे नव्हेत, ते कधीच संपले. आता आमच्याकडं हौशी घोडेवाल्यांची नवी जात निघाली आहे. जमिनीला भाव आला, सरकारी कामांची गुत्तेदारी मिळाली, पांढरी गाडी दारात आली, गळ्यात साखळी आली — मग राहिलं काय? घोडा. त्याच्यावर बसता आलं नाही तरी बिघडत नाही. लगाम धरून उभं राहायचं, मागं गाणं लावायचं आणि मोबाइलवर टाकून द्यायचं. माझा या लोकांवर राग नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा लागतो. मला त्यांची नुसती कीव यायची, आणि तरी त्यांनी बोलावलं की मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो.

पाचोडच्या पुढं एक मोठं शेतकरी घर आहे. नाना म्हणजे थोरले, त्यांच्या हातात सगळा कारभार. धाकटा भाऊ नुसता मान डोलवायला. दोघांच्या बायका, नानांची मुलं, आणि या सगळ्यांवर नानांची आई, जिला सगळा गाव बाई म्हणतो. नानांनी एक घोडी आणली, नुकरी, डोक्यापासून खुरापर्यंत पांढरी. नाव ठेवलं चांदणी. घोडी देखणी होती. त्या घरात अंगभूत रुबाब असलेली ती एकटीच होती.

तिच्यासाठी नानांनी तबेला बांधला. तबेला कसला, नवरदेवाची खोलीच ती. पांढरी फरशी, भिंतींना टाइल्स, काचेच्या खिडक्या, वर एसी. फरशीवर जाड रबरी मॅट आणि मॅटवर लाकडाचा भुसा. त्या तबेल्याची वास्तुशांत झाली. हसू नका, खरोखर झाली, भटजी आणून. दारातली फीत कुणी कापली असेल? मी.

पण फितीच्या आधीचं सांगायला हवं. बांधकाम चालू होतं तेव्हा नानांनी मला विचारलं होतं, खिडक्या कायमच्या बंद केल्या तर चालेल का, माशा येतात आणि एसीची हवा निघून जाते. आता यात डॉक्टरला डोकं खाजवायचं कारण काय? घोडा दिवसभर मुततो. ते मूत भुशात मुरतं, मॅटखाली साठतं, कुजतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. तोच वायू, जो न धुतलेल्या मुतारीत नाकाला झोंबतो. त्यावर जगभर एकच उपाय आहे. ओला भुसा रोज पार तळापासून काढायचा, मॅट उचलून खालची फरशी धुवायची, वाळू द्यायची, फरशीला उतार आणि बाहेर नाली ठेवायची, आणि वारा खेळता ठेवायचा. आमच्या आजोबांच्या मातीच्या गोठ्यात हे सगळं आपोआप होत होतं. नानांच्या त्या खोलीत उतार नव्हता, नाली नव्हती, आणि वाराही बंद करायचं ठरत होतं.

मी काय म्हणालो? "चालतंय की नाना. एसी आहे म्हटल्यावर काय!"

समोर चहा होता. चार माणसं बसली होती. नाना त्यांना सांगत होते, हे आमचे डॉक्टरसाहेब. त्या 'आमचे'पुढं मी घसरलो. लाच खाणारा माणूस निदान काहीतरी घरी घेऊन जातो हो. मी कौतुकावर गेलो, तेही कुणाच्या? ज्याची मनात टवाळी करायचो, त्याच्या. याहून स्वस्त माणूस तुम्ही पाहिलाय का?

पुढं जे व्हायचं तेच झालं. पाव्हणे येणार असले की गडी वरून ताजा, पिवळाधमक भुसा पसरायचे. फोटोत झकास दिसायचं. आत खाली काय चाललंय ते कॅमेऱ्यात येत नाही, वासही येत नाही. थंडी सरता सरता चांदणी खोकू लागली. नाकातून पाणी, श्वास घेताना बरगड्या ओढल्या जायच्या. मला बोलावणं आलं. दार उघडलं आणि डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं. मी तर उभा माणूस. तिचं नाक जमिनीजवळ — खाली मान घालून चारा खायची, आडवी व्हायची तीही तिथंच. मी बुटानं वरचा भुसा बाजूला केला. खाली काळा, चिकट, भिजलेला थर होता.

मी तो भुसा बुटानंच परत सारखा केला.

बाकीच्या गोष्टी बोलून किंवा न बोलता झाल्या, पण हे मी पायानं केलं. तिथं नाना नव्हते, गडी नव्हते, कुणाची भीड नव्हती. मी एकटा आणि खोकणारी घोडी. बाहेर येऊन सांगितलं, धुळीची अ‍ॅलर्जी आहे, इंजेक्शन देतो. खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं — नाना, खिडक्या बंद करायला हो म्हणणारा मीच. त्यापेक्षा इंजेक्शन सोपं होतं.

आता शोभाताई. धाकट्या भावाची बायको. अजिंठ्याकडची, कमी बोलणारी, लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि मूल नसलेली. मूल का नाही याची तपासणी नवऱ्यानं करून घेतली होती का, असलं काही त्या घरात विचारत नाहीत. घरात सून आहे म्हटल्यावर दोष कुठं ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं. फोटो काढायचा नसतानाही घोडीजवळ जाणारी घरात ही एकटी. आयाळ विंचरायची, गूळ भरवायची, तिच्याशी काहीतरी हळू बोलत बसायची. त्या दिवशी मी बॅग आवरत होतो तेव्हा ती म्हणाली, "इथं आलं की डोळे लई झोंबतेत ओ डॉक्टरसाहेब. हिलाबी झोंबत असतील का?"

मी म्हणालो, भुशाची धूळ असते ती.

पुढच्या खेपेला घोडी आणखी उतरली होती. मी ओसरीवर हात धूत होतो आणि बाईंनी विचारलं, "डाक्टर, खरं सांगा. माझ्या चांदणीला कुणाची नजर तर नाय ना लागली?"

मला निघायचं होतं. म्हातारीशी वाद घालायची इच्छा नव्हती, आणि विषय हवेवर, खिडक्यांवर यायला नको होता. शिवाय मनात वाटलं, काय अडाणी माणसं आहेत ही. मी हसलो आणि म्हणालो, "लागतही असेल, बाई. एवढं देखणं जनावर! नजर काही आमच्या मशिनीत दिसत नाही."

चेष्टा होती ती. माझ्या लेखी. पण चेष्टा करणारा माणूस पदवीधर होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि या तबेल्याची फीत त्यानं कापली होती. मी असं बोललो आणि नेमकी तेव्हाच शोभाताई तबेल्यातून बाहेर आली. पदरानं डोळे पुसत. डोळे लालभडक. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मला ते पाहणं कळलं — मी मूर्ख नाही, तेवढी सोय तरी मला नको द्यायला. मूल नसलेली बाई, तासन्‌तास घोडीकडं बघत बसणारी, आणि डोळे असे. मी टॉवेलला हात पुसले आणि गाडीत बसलो.

त्यानंतर गेलो तर घोडीच्या पायात काळा दोरा, दारावर लिंबू-मिरच्या, आणि आत बंद खोलीत लोबानचा धूर. अमोनिया कमी पडत होता म्हणून धूर! घोडीच्या बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. नाना अभिमानानं गड्यांना सांगत होते, "नजरच हाय. डॉक्टरसाहेब बी तेच म्हणले." शोभाताईला तबेल्यात यायची बंदी झाली होती. घरात नानांच्या नव्या नातवाचं बारसं होतं, तिथंही तिला स्वयंपाकघरातच बसवलं होतं. ती हौदाजवळ उभी राहून लांबून माझ्याकडं बघत होती, मी काय सांगतो ते ऐकायला. मी लोबान बंद करा एवढंसुद्धा म्हणालो नाही. नुसतं इंजेक्शन भरलं.

मग मला भीती वाटली. शोभाताईची नाही — घोडी मेली तर माझं नाव जाईल याची. मी नानांना म्हणालो, हवापालट करू. चांदणीला बाहेर, कडुनिंबाखालच्या उघड्या शेडमध्ये बांधा. एसीनं सर्दी धरते, आता खिडक्याही उघड्याच ठेवा. मॅट जुन्या झाल्यात, काढून टाका, खालून सगळं धुवून घ्या, फरशीला उतार देऊन नाली काढा. म्हणजे बघा, मी सगळं बरोबर करवून घेतलं. फक्त का करायचं, तेवढं सांगितलं नाही.

आणि त्याच आठवड्यात शोभाताईला माहेरी पाठवलं.

चांदणी दिवसागणिक सुधारली. उघड्या वाऱ्यावर सुधारणारच होती. पण त्या घराला वारा कुठं दिसला? त्यांना दिसलं ते एवढंच की एक गेली आणि दुसरी बरी झाली. तबेला धुतला, वर शुद्धीसाठी गोमूत्र शिंपडलं. घोड्याच्या मुतावर गाईचं! मी घरी येताना गाडीत एकटा हसलो त्यावर. हसलो हो. एका बाईचा संसार त्या फरशीवरून धुवून निघत होता आणि मला विनोद सुचत होता. मी या लोकांना अडाणी म्हणायचो. त्यांना माहीत नव्हतं म्हणून ते तसे वागले. मला माहीत होतं.

माझ्या एका वाक्यानं हे थांबलं असतं. 'नाना, ही नजर नाही, हे मूत आहे, आणि चूक माझी आहे.' फार तर नानांनी दुसरा डॉक्टर पाहिला असता. ते वाक्य मी गाडीत म्हणून पाहिलं आहे, न्हाणीत म्हणून पाहिलं आहे. अवघड शब्द एकही नाही त्यात.

शोभाताईला परत आणलं नाही. पुढं फारकत झाली. धाकट्याचं दुसरं लग्न झालं, मला पत्रिका आली. मी गेलो, पहिल्या रांगेत बसलो आणि जेवून आलो. दुसरीलाही मूल झालेलं नाही. तिच्या नजरेचं काय चाललंय ते मी विचारलेलं नाही.

मागच्या दिवाळीआधी औरंगपुऱ्यात गर्दी होती. दवाखान्याच्या खाली कापडाच्या दुकानाशी शोभाताई दिसली. बरोबर धाकटी बहीण, तिच्या कडेवर वर्षाचं पोर. मी तोंड चुकवायच्या आत मला पाहून तीच पुढं आली. तिला माझा राग नव्हता. आदरानं बोलली.

"डॉक्टरसाहेब, चांदणी बरी हाय ना? परत खोकली नाय ना?"

मी म्हणालो, नाही, ठणठणीत आहे.

"मग बरं झालं. म्या निघून आले ते बरं झालं. मुक्या जनावराला लई तरास झाला माझ्यापायी."

तेवढ्यात कडेवरचं पोर तिच्याकडं झेपावलं. हसत, दोन्ही हात पुढं करून. तिनं तोंड फिरवलं. दुकानाच्या भिंतीकडं बघत तिनं हात मागं नेला, चाचपडत त्याचं पाऊल धरलं आणि तसंच धरून ठेवलं. पोराकडं पाहिलं नाही. मी म्हणालो, घ्या की त्याला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

"नको," ती भिंतीकडं बघूनच म्हणाली. "लेकरू हाय. तुम्हाला तर ठाव हाय सगळं. तुम्हीच तर वळखलं व्हतं."

मी म्हणालो, चला, येतो, वर पेशंट थांबलेत. जिना चढून वर आलो. दवाखान्यात कुणीही नव्हतं.

अजिंठ्याकडं गुरं बघायला मी अजूनही जातो. तिचं गाव रस्त्यालाच आहे. गाडी थांबवत नाही.