डोंगरे सर आणि शेवंताचा निबंध

डोंगरे सर निबंध डोळे मिटून तपासत. आम्ही उभं राहून मोठ्याने वाचायचं. क्रियापद चुकलं की त्यांचं बोट वर जाई. “डोये फसवतेत, कान नाई फसवत,” असं ते नेहमी म्हणत. ऐंशीच्या दशकात पोंभुर्ण्याकडच्या आमच्या जंगलातल्या गावी ते बल्लारपूरहून मराठी शिकवायला आले होते. काळ, प्रयोग, अलंकार सगळं आमच्याच बोलीतून समजावत. “‘जेवून राह्यलो’ म्हणजे अपूर्ण वर्तमानकाळ. काम चालूच हाये, संपलं नाई.”

मी नववीत होते. माझ्या बाकावरच्या शेवंताची आई आदल्या उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला गेली आणि तिला वाघाने नेलं. मोहाच्या त्या झाडाकडे नंतर गावातलं कोणी फिरकत नसे. पुन्हा मोह फुलला तेव्हा सरांनी ‘माझी आई’ हा वर्णनात्मक निबंध दिला. शेवंता वाचू लागली, “माझी आई मोह वेचून राह्यली आहे. तिची टोपली अर्धी भरली आहे.”

बोट वर गेलं. सर हळूच म्हणाले, “बेटा, इथी भूतकाळ पाहिजे. ‘आई मोह वेचत असे.’ रीतिभूतकाळ.”

“नाई सर. मले रोज सकाळी त्या झाडापाशी आयकू येते.”

 सर भूतखेत मानत नसत. तसला विषय काढला तर चिडत. त्या दिवशी ते चिडले नाहीत. दुसऱ्या सकाळी उन्हं वर आल्यावर ते शेवंताबरोबर त्या झाडाकडे निघाले. मीही गेले.

झाड फुलांनी लगडलेलं होतं, पण खाली एकही फूल नव्हतं. “अस्वल खाऊन गेलं असन,” सर म्हणाले. वारा पडलेला. पाखरं गप्प. तेवढ्यात बुंध्यापलीकडून आवाज आला, ओंजळभर फुलं टोपलीत टाकावीत तसा. थांबला. पुन्हा आला. सरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते. ते वर गेलं नाही.

“आयकलं ना सर?” शेवंता कुजबुजली. “वेचून राह्यली.”

सर बुंध्याला वळसा घालून आले. पलीकडे टोपली नव्हती, माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. त्यांनी शेवंताचा हात धरला तो शाळेच्या पायरीपर्यंत सोडला नाही. तिच्या वहीत त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. मोहाचा हंगाम सरेपर्यंत मात्र रोज पहाटे ते तिच्या दारात हजर असत आणि तिला व्याकरण शिकवायला स्वतःच्या खोलीवर घेऊन जात.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. एसटीची वाट पाहताना मी धीर करून विचारलं, “सर, ते काय होतं?”

“मले नाई माहीत.” पायाशी ठेवलेली पिशवी उचलत ते म्हणाले, “पण वाघाच्या जंगलात एवढीशी पोर रोज एकटी जात होती, अन् गावात कोणालेच पत्ता नोता. मलेबी नोता. मले भेव वाटते ते त्याचं.”